गायरानाच्या कडेला

"अहो भाऊ, स्टँडवर येणार का?"

रिक्षा थांबली, पण तिच्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेला भलामोठा माठ, त्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेली एक म्हातारी, तिच्या शेजारी तिची सून, सुनेच्या मांडीवर टोपलं आणि टोपल्यावर गाठोडं. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे.

"स्टँडवर? आज? कुठं निघलाव ताई?"

"पुण्याला. तिथून पुढे गुहागरला. दहाची गाडी आहे ना?"

"आज कुठली दहाची! आता एकदम संध्याकाळी हाय. आज येळवस न्हाई का?"

आज रविवार आहे असं सांगावं तितक्या सहज त्याने ते सांगितलं. मला येळवस म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. लातुरात येऊन मला वर्षही झालं नव्हतं, आणि आल्यापासून त्या गावाशी मी सवतीशी बोलावं इतपतच बोलत होते. सकाळपासून रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं. दुकानं बंद, चहाची टपरी बंद, शाळेच्या फाटकाला कुलूप. मला तर वाटलं, रातोरात कर्फ्यू लागला की काय!

"आगं, सारं गाव रानात गेलंय," म्हातारी आतून म्हणाली. "मार्गेसराची अवस. आज घरात कोन बसतंय? तू कुनाच्या रानात चाललीस?"

"कुणाच्याच नाही. माहेरी चाललेय."

"येळवशीला? आन् उपाशी?"

तिचा सूर असा होता, की मी जणू कुणाची तरी कोंबडी पदराखाली दडवून पळत होते.

खरं सांगायचं तर मी नवऱ्याला सोडून चालले होते. आता इतक्या वर्षांनी आडपडदा कशाला ठेवू? आमचे हे वीज मंडळात, सबस्टेशनवर ऑपरेटर. लातूरला बदली झाली तेव्हा मी पोटुशी होते. मी गुहागरकडची, तोडणकरांची सून. माझ्या माहेरी मागचं दार उघडलं की पोफळी अंगावर येतात, फणस घरात डोकावतो. आणि इथे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पत्र्याचा जिना, खिडकीसमोर गोडाऊनची भिंत. डालड्याच्या डब्यात मोगरा लावला, तर घरमालकीण म्हणाली, "बाई, हितं मानसाला टँकरचं पानी, आन् तुमी फुलाला घालायलाव?" मोगरा आठवड्यात गेला. पुढे आषाढात माझी मुलगी गेली. पोटातच गेली, सहाव्या महिन्यात. मला शुद्ध आली तेव्हा नर्स एवढंच म्हणाली, मुलगी होती. त्यानंतर सगळे गप्प. हेसुद्धा गप्प.

ते कामावर जात, परत येत, जेवत, झोपत. माझ्याशी बोलायचे ते गॅस संपला का आणि पाणी आलं का, एवढंच. मला वाटायला लागलं, या माणसाला काही झालेलंच नाही. एका बाईचं होतं ते सगळं गेलं, आणि तिचा नवरा पाण्याच्या टाकीचा कॉक बदलत बसलाय! त्या घरात माझा जीव गुदमरायचा. कुठे एक पान हलताना दिसायचं नाही. आदल्या रात्री मी ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मी उद्या जाते. परत येईन असं धरून चालू नका."

ह्यांनी भात कालवता कालवता विचारलं, "गाडीत खायला काय नेतेस?"

बस्स, तिथेच माझं पक्कं झालं. सकाळी मी उठायच्या आत ते ड्यूटीवर निघून गेले होते. त्या दिवशी सबस्टेशनवरचे बाकी सगळे ऑपरेटर रजेवर, का ते मी विचारलंच नव्हतं. तोडणकर बाहेरचे, त्यांना कुठलं आलंय रान, म्हणून दोन्ही पाळ्या ह्यांच्याच गळ्यात पडलेल्या. निघतानाही मला हाक मारली नाही.

तर मी तिथे बॅग घेऊन उभी, आणि म्हातारी मला रिक्षात ओढतेय.

"बस, बस. ये महानंदा, सरक जरा. संध्याकाळी बब्रू सोडल की तुला स्टँडवर. गाडी काय पळून जातीय?"

"अहो आजी, नको. मी कोण, तुम्ही कोण..."

"म्या सोजराबाई. ह्यो माजा बब्रुवान. ही त्याची बायकू. झालं? आता बस."

मी आणखी दोनदा नको म्हटलं. पण स्टँडवर दिवसभर एकटीने बसायचं, तेही उपाशी, कारण एक खानावळ उघडी नव्हती. बब्रुवानने माझी बॅग उचलून स्वतःच्या पायाशी ठेवली सुद्धा. मी माठ आणि महानंदा यांच्यामध्ये कशीबशी टेकले. वळणावर माठ डुचमळला, तशी सोजराबाईने मला सांगितलं, "धर नीट. आंबिल हाय. सांडलंस तर बघ." ओळख होऊन पाच मिनिटं झाली नव्हती आणि बाई मला दम देत होती.

गाव मागे पडलं आणि मी बघतच राहिले.

मी इतके महिने ज्या मुलखाला वाळकं, करपलेलं, देवाने टाकलेलं म्हणत होते, तो मुलूख मी पाहिलाच नव्हता हो! मी पाहिली होती गोडाऊनची भिंत. गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, कणसं निसवलेली. मध्ये मध्ये तुरीचे पट्टे. खाली काळीभोर जमीन. आणि गावातून गेलेली सगळी माणसं त्या रानात होती. ट्रॅक्टरमधून, बैलगाड्यांतून, स्कूटरवरून, कुणी पायी. डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं. एकमेकांना हाका मारत होती. अमक्या वकिलांच्या, तमक्या डॉक्टरांच्या गाड्या बांधाला लावलेल्या. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी बरोबर आणलेलं, जसं मला.

"आज कुनाला न्हाई म्हनायचं नसतंय," महानंदा मला म्हणाली. ती रस्ताभर पहिल्यांदाच बोलली. "चोर आला तरी जेवूनच जातोय."

बब्रुवानची जमीन फार नव्हती. रस्त्यापासून आत एक पट्टा, शेवटी विहीर, विहिरीच्या अलीकडे कडब्याच्या पेंढ्यांची कोपी. आदल्या दिवशीच उभारलेली, अजून कडब्याचा गोडसर वास येत होता. रिक्षा रस्त्यावरच थांबली. सोजराबाई उतरली, मायलेकांचं काहीतरी बोलणं सुरू झालं, महानंदा टोपलं खाली ठेवून बाजूला जाऊन बसली, आणि मी एकटीच बांधावर उभी राहिले.

पायाशी हरभरा होता. त्याच्या कडेने जवस फुललेलं, निळं निळं. मी वाकले कधी आणि हात घातला कधी, मला कळलंही नाही. हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट दव असतं, ते बोटांना चिकटलं. मी बोटं चाटली. मग एक घाटा तोडला, फोडला, तोंडात टाकला. मग दुसरा. मग मी फतकल मारून खालीच बसले आणि बकरीसारखी खात सुटले. आषाढापासून माझ्या तोंडाला चव नव्हती. भात खाल्ला काय आणि खडू खाल्ला काय, सारखंच. आणि तो आंबट, कोवळा, हिरवा दाणा जिभेवर फुटला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

"आगं बया! देवाच्या आदी पाव्हनीच उष्टं करायलीय!"

सोजराबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी होती. मी घाईने तोंड पुसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला माहीत नव्हतं आजी. नैवेद्य व्हायचाय का?"

"खा, खा. देव काय घाटे मोजून ठिवतोय का?" ती हसली. मिस्रीने काळे पडलेले उरलेसुरले दात दिसले. "ऊठ आता. काम हाय तुज्याकडं."

काम काय, तर आंबिलाचा माठ. त्यांच्या घरची रीत अशी, की रस्त्यापासून कोपीपर्यंत तो माठ घरच्या बाईने डोक्यावरून न्यायचा. पुरुषाने हात लावायचा नाही. दरवर्षी महानंदा न्यायची. यंदा तिला नेमकी वाटेतच अडचण आली, म्हणून ती बिचारी बांधाच्या कडेला बसलेली. सोजराबाईची मान वाताने आखडलेली. राहिले मी.

"मी कशी नेऊ? मी तुमच्या घरची नाही."

"रिक्षात बसलीस ना? मंग झालीस."

"पण हे कशासाठी असतं आजी?"

म्हातारीने ज्वारीकडे हात केला. "बघ की. कनसं भरायलीत. जमीन गरवार हाय आता. आज तिचं डोहाळजेवन. आंबट, गोड, भज्जी, भाकर, सारं तिला पयलं द्यायचं, मग आपुन खायचं. पोटुशीला उपाशी ठिवत न्हाईत."

हे ऐकलं आणि मी दोन पावलं मागे सरकले. दोन महिन्यांपूर्वी आमच्या खालच्या मजल्यावर डोहाळजेवण झालं होतं. जिन्यातून बायका नटूनथटून चालल्या होत्या, आणि घरमालकीण माझ्या दाराशी थांबून दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, "त्यांना नगं बोलवायला, बरं दिसत न्हाई." दार उघडंच होतं. मी आत कणीक मळत होते.

"नको," मी म्हटलं. "मी हात नाही लावणार. दुसरं कुणीतरी बघा."

"का गं?"

"नको म्हटलं ना!"

"आगं पर का? वज्जं झेपत न्हाई का?"

"माझं मूल गेलंय पोटातच!" मी ओरडलेच. "मी नाही चालत अशा कामाला. कळलं का? मला सगळे टाळतात. तुमच्या जमिनीचं काही वाईट झालं तर मला बोल नको."

बब्रुवान विहिरीकडे बघायला लागला. महानंदाने मान खाली घातली. मला वाटलं, आता म्हातारी च्च च्च करील आणि मला पाठीवरून हात फिरवत बाजूला बसवील. तेच मला नको होतं. मी बॅगेकडे चालायलाही लागले होते.

"इकडं ये," सोजराबाई म्हणाली. आवाज मऊ वगैरे काही नव्हता. उलट चिडलेला होता. "मी काय इचारलं? वज्जं झेपतंय का?"

"झेपतं."

"मंग उचल."

तिने लुगड्याच्या फडक्याची चुंबळ वळली आणि माझ्या डोक्यावर थापली. बब्रुवानला हात लावायचा नव्हता, म्हणून आम्ही दोघी बायकांनीच तो माठ उचलला. म्हातारीची मान कुरकुरली, ती मला शिव्या देत होती, मानेला देत होती, माठालाही देत होती. शेवटी एकदाचा माठ डोक्यावर बसला. केवढा जड! आत आंबिल हिंदकळत होतं आणि त्याचं हिंदकळणं माझ्या मानेतून, पाठीतून थेट पोटात उतरत होतं. मी दोन्ही हातांनी काठ धरला आणि ज्वारीतून चालायला लागले. पाती गालाला लागत होती. पायाखाली ढेकळं फुटत होती. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीत होतं, हे सांडता कामा नये. आणि मी ते सांडलं नाही. कोपीपाशी पोचले, सोजराबाईने वरून धरलं, दोघींनी मिळून खाली ठेवलं. थेंबही सांडला नव्हता.

"आलं की न्हाई?" म्हातारी म्हणाली.

कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड होते, पांडव म्हणतात त्यांना. पूजा झाली. बब्रुवानने आंबिलाचा तांब्या भरून घेतला आणि पानाने ते रानाच्या चारी अंगांना शिंपडत "ओलगे, ओलगे" अशी आरोळी देत धावत सुटला. शेजारच्या रानातून तशीच आरोळी आली, पलीकडून आणखी एक. क्षणात सगळं शिवार ओरडायला लागलं. अर्थ विचारला तर कुणालाच सांगता येईना, कानडी असेल म्हणाले. मला तो अर्थ नकोच होता.

सोजराबाईने वेगळी एक वाटी भरली होती. ती घेऊन ती बांधाकडे निघाली, मला म्हणाली, "ये." बांधावर एक जुनी बोर होती, फळांनी लगडलेली, पोपटांनी निम्मी बोरं टोचून खाली टाकलेली. बोरीच्या बुडाशी तिने अर्धी वाटी ओतली. मग जरा पलीकडे सरकून उरलेली अर्धी.

"ही थोरली," ती म्हणाली. "चार दिस जगली. आन् ह्यो तिच्या पाठचा. ह्यानं डोळाच उघडला न्हाई. मंग बब्रू झाला."

"इथे?"

"मंग कुठं? लहान लेकराला जाळत न्हाईत. आपल्याच रानात ठिवलं. माजी सासू म्हनली, हितं रानात नगं, तू दिसरात रडशील. म्या म्हनलं, रडीन की! रडाया तरी जागा नगं का?" तिने पदराने तोंड पुसलं, पण ती रडत नव्हती, मिस्रीच पुसत होती. "तवा ही बोर लई बारीक हुती. आता बघ, साऱ्या गावाची पोरं हिच्यावर. खात्यात, काटे मोडून घेत्यात, बोंबलत्यात. बरं वाटतंय मला."

मी त्या बोरीकडे बघत होते. एक पोपट आमची पर्वा न करता बोर सोलत होता.

"तुजं कुठं ठिवलं?" सोजराबाईने विचारलं.

मी वाकून खाली पडलेलं एक बोर उचललं.

मला माहीत नव्हतं. माझी मुलगी या गावात कुठेतरी मातीत होती, आणि ते कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी गुंगीत असताना हे तिला घेऊन गेले, भिजून परत आले, आणि त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनीही असा टाळला, जसा अंधारात विंचू टाळतात. मी तिला तशीच टाकून त्या दिवशी निघाले होते. कुठे आहे ते न बघता, एवढा लांबचा प्रवास करून पोफळीच्या सावलीत जाऊन बसणार होते, आणि म्हणणार होते की त्या गावात जिवंत असं काही नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

आता मात्र म्हातारीने माझा हात धरला. "ज्यानं ठिवलं त्याला इचार की मग," ती म्हणाली. "त्याला ठावं असंल."

त्यानंतर आम्ही जेवलो. काय जेवले म्हणून सांगू! शेंगदाणे, वाल, मटार असं सगळं मिळून केलेली ती भज्जी, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, वर थंडगार आंबिल. महानंदा बांधावरूनच ओरडत होती, "त्यास्नी अजून वाढा, त्या लाजायल्यात." लाजतेय कसली, मी तिसरी भाकरी मोडत होते. जेवून कोपीच्या सावलीत आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले. पाच महिन्यांत मी अशी झोपले नव्हते. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, ज्वारीतून वारा वाहत होता आणि माझ्या अंगावर कुणाची तरी चादर होती.

"ताई, गाडीची येळ झाली," बब्रुवान म्हणाला. "स्टँडवर सोडू ना?"

"नाही," मी म्हटलं. "सबस्टेशनवर सोडा. आमचे हे तिथे ड्यूटीवर आहेत."

सोजराबाई उठली. डब्यात भज्जी भरली, फडक्यात भाकऱ्या बांधल्या, एका किटलीत आंबिल घातलं. "मालकाला दे. आज गावात कुनी त्येला घोटभर च्या बी दिला नसंल," म्हणाली. ते मात्र खरं होतं.

सबस्टेशन गावाच्या टोकाला, गायरानाला लागून. मी पोचले तेव्हा हे पॅनेलसमोर खुर्चीत बसले होते. मला दारात बघून उभे राहिले. आधी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या केसांत ज्वारीचा फुलोरा होता, पायांना काळी माती.

"गाडी?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"काही नाही. बंद आहे सगळं."

"मग आधी जेवा."

ते जेवले. मान खाली घालून, भराभर, लहान पोरासारखे. भाकऱ्या संपल्या, भज्जी संपली, किटली त्यांनी तोंडालाच लावली आणि रिकामी केली. मी समोर बसून बघत होते. ते किती वाळलेत, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्यांनी हात धुतले, तसं मी विचारलं.

"तिला कुठे ठेवलंत?"

त्यांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. बाहेर ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. मला वाटलं आता ते गॅसचं किंवा पाण्याचं काहीतरी काढतील.

"चल," ते म्हणाले.

वॉचमनला पॅनेलकडे लक्ष ठेवायला सांगून ते मला मागच्या फाटकातून बाहेर घेऊन गेले. कुंपणाला लागून गायरान सुरू होत होतं. सगळी खडकाळ, उघडी जागा. आणि कुंपणापासून थोड्याच अंतरावर, बाभळीच्या काट्यांचं लहानसं गोल कुंपण घालून, त्यात एक झाड उभं होतं. माझ्या खांद्याएवढं. लालसर देठ, हातासारखी पसरलेली मोठी मोठी पानं. भोवती आळं केलेलं, आणि आळ्यात ओल होती.

"नव्या गावात मला काही माहीत नव्हतं," हे म्हणाले. "पाऊस पडत होता. मला ही एकच जागा ठाऊक होती. म्हटलं, इथे निदान मी रोज असतो."

मी झाडाकडे बघितलं. जवळ गेले. पान हातात धरून बघितलं.

"अहो," मी म्हटलं, "हा एरंड आहे."

"हो."

"माझ्या मुलीवर तुम्ही एरंड लावलात?"

"मी नाही लावला!" ते एकदम कळवळून म्हणाले. "मी बकुळ लावली होती. गुहागरहून आणवली, तुझ्या भावाकडून, तुला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. ती जगली नाही. मग नर्सरीतून पारिजात आणला, तो शेळ्यांनी खाल्ला. मग हा आपला आपणच उगवला. उपटायला म्हणून आलो होतो. पण दोन पानं काढून उभा होता गं. उपटवेना. मग पाणी घालायला लागलो. याला शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत."

"ओसाड गावी एरंड बळी," मी म्हटलं, आणि मला हसू फुटलं. काय झालं ते मलाही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे घाबरून बघितलं, मग तेही हसले. हसता हसता त्यांचा आवाज फाटला आणि तो माणूस, जो आषाढापासून एकदाही रडला नव्हता, तिथे उभ्या उभ्या हुंदके देऊन रडायला लागला. मी त्यांना धरलं. मीही रडत होते.

"मला वाटलं तुम्ही विसरलात," मी म्हटलं.

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला ऐकवणार नाही."

एरंडाला तुरे आले होते, खाली काटेरी हिरवी बोंडं धरलेली. एका पानाला भोकं पडली होती. मी ते पान उलटून बघितलं, तर खाली एक काटेरी हिरवी अळी शांतपणे पान कुरतडत होती. माणूस जवळ आल्याचं तिला सुखदुःख नव्हतं.

"ही आठवडाभर आहे," हे डोळे पुसत म्हणाले. "काढून टाकणार होतो. मग म्हटलं, असू दे. रोज बघतो, किती मोठी झाली. फुलपाखरू होईल म्हणतात."

मला सांगता येणार नाही त्या क्षणी मला काय वाटलं. एवढंच सांगते, की मला त्या माणसावरचा माझा राग आठवेना. मी आठवायचा प्रयत्नही केला, पण तो सापडेना. गायरानापलीकडे रानातून लोक परतत होते, गाड्यांची रांग लागली होती, पोरं गात होती. पुण्याची गाडी एव्हाना सुटलीही असेल.

"उद्या जाशील का मग?" ह्यांनी विचारलं. विचारताना माझ्याकडे बघितलं नाही.

"तिचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

त्यांनी हाताने दाखवलं. मी काट्यांचं कुंपण एका बाजूने उचललं, आत गेले आणि त्या बाजूला मातीत मांडी घालून बसले. ते बाहेरच उभे होते.

"या की," मी म्हटलं. "उभे का?"

"मी रोज उभाच राहतो," ते म्हणाले. "एकट्याला बसवत नव्हतं इथे."

मग तेही आत आले आणि पायांच्या बाजूला बसले.